घरचा करडा

अण्णांना त्या खोलीत आणून बसवलं तेव्हापासून त्यांची कुरकुर चालू होती. पलंग उंच आहे, उशी खाली आहे, पंखा कुणाच्या तरी अंगावर पडणार असं वाटतंय, नर्सबाई चालतात कमी आणि पळतात जास्त. उद्या सकाळी छाती उघडून हृदयातली एक झडप बदलायची होती, आणि त्याबद्दल मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. भ्यालेली माणसं दोन प्रकारची असतात. काही गप्प होतात आणि काही भलत्याच गोष्टींवर बोलत सुटतात. अण्णा दुसऱ्या प्रकारचे.

"आणि ह्या चादरी बघ," ते थोरलीला म्हणाले. "पिवळ्या पडल्यात नुसत्या. एवढं मोठं हॉस्पिटल, आणि धुवायला निळीची चिमूट नाही यांच्याकडे?"

चादर पांढरीशुभ्र होती. इस्त्रीच्या घड्या अजून तिच्यावर दिसत होत्या. थोरलीनं चादरीकडे बघितलं, मग खिडकीकडे बघितलं आणि "हो ना," म्हणाली. उन्हाळ्यापासून ती त्यांच्या असल्या प्रत्येक वाक्याला "हो ना" म्हणत आली होती.

थोरली म्हणजे थोरली सून. धाकटी कधी आलीच नाही, कारण धाकट्यानं परदेशी जाऊन लग्नाचा विषयच बंद केला. पण ह्या घरात एकदा नाव पडलं की पडलं. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ती स्वयंपाकघरातून उठून रंगखान्यात गेली ती परत आलीच नाही, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यात खोटं काही नव्हतं. घरचं राज्य सासूबाईंचं, रंगखान्यातलं अण्णांचं आणि त्यांच्या हाताखाली थोरलीचं. दोघी एकमेकींच्या हद्दीत पाऊल टाकत नसत आणि एकमेकींना तिथलं काही विचारतही नसत. इतकी वर्षं भांडण न होण्याचं रहस्य हेच होतं.

रंगखान्यात सूत रंगायचं. गणवेशाच्या कापडाचं सूत. करडं, गडद निळं, बदामी. हे घरचे रंग. दुसरे रंगवाले नमुन्याची लडी खिळ्याला टांगतात आणि तिच्याशी ताडून बघत टाकीतला रंग जमवतात. ह्या घराला ती पद्धत म्हणजे शेजारच्याच्या पाटीत डोकावून गणितं सोडवल्यासारखी वाटे. अण्णांच्या वडिलांनी घालून दिलेली रीत अशी, की घरच्या रंगाला नमुनाच ठेवायचा नाही. रंग डोळ्यात राहिला पाहिजे. टाकीत एक लडी बुचकळायची, पिळून सुकवायची, उत्तरेच्या खिडकीत धरायची आणि अण्णांनी नुसतं "सोडा" म्हणायचं. ते एकदा म्हणाले की सगळं सूत टाकीत उतरायचं, आणि मग त्यावर कुणी बोलायचं नाही. कुणी बोलल्याचं रंगखान्याच्या भिंतींनीही ऐकलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर एक दिवस अण्णा करड्याच्या टाकीशी अडले. "पिवळी झाक मारतोय," म्हणाले आणि निळा घातला. पुन्हा बघितलं, पुन्हा घातला. थोरलीच्या डोळ्यांसमोर चांगला जमलेला करडा हळूहळू निळसर होत गेला, आणि तो पुरता बिघडल्यावर अण्णा समाधानानं म्हणाले, "आता कसा! सोडा." आणि चहाला निघून गेले. तिनं सूत सोडलं नाही. टाकी अर्धी रिकामी केली, जुन्या लॉटातली एक उरलेली लडी कपाटाच्या तळातून काढून समोर ठेवली, आणि चोरासारखी मान वळवून वळवून दाराकडे बघत रंग परत जमवला. मग ते रोजचंच झालं. अण्णा बिघडवायचे, ती निस्तरायची. वय झालं, डोळा थकला, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. सांगायचं धाडस एकदाही झालं नाही. सांगणार तरी काय? सोनाराला कसोटी खोटी आहे म्हणून कुणी सांगावं?

दुपार कलताना भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. बाई मध्यमवयीन, हळू बोलणाऱ्या. त्यांनी अण्णांच्या कागदांवरून नजर फिरवली आणि खुर्ची ओढून बसल्या. डॉक्टर बसले की बातमी बरी नसते, हे पेशंटच्या घरच्यांना कळतं. सासूबाईंनी पदराशी धरलेली पिशवी घट्ट केली.

"तुमच्या हृदयाच्या आलेखात जरा वेगळं दिसतंय," डॉक्टर म्हणाल्या. "झडपेमुळेही असेल. पण ती छोटी पांढरी गोळी चालू आहे ना तुम्हाला, ती अंगात जास्त साठली तरी असं होतं. दिवसाला किती घेता?"

"एक," अण्णा म्हणाले.

"रोज एक, नाश्त्यानंतर," सासूबाई म्हणाल्या. "मी माझ्या हातानं देते. एक दिवस चुकला नाही."

पलंगाच्या पायाशी उभ्या असलेल्या थोरलीनं चमकून सासूबाईंकडे बघितलं. तीच गोळी ती स्वतः रोज अकराच्या चहाबरोबर अण्णांच्या तळहातावर ठेवत होती.

"मळमळतं? भूक कमी झालीय?"

"हॉस्पिटलचं जेवण बघून झालीय."

डॉक्टर हसल्या. "आणि नजर? सगळं पिवळट दिसणं, दिव्यांभोवती कडी दिसणं? ह्या गोळीनं तसं होतं, म्हणून विचारते."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "डॉक्टर, मी रंगारी आहे," ते म्हणाले. "चार घरं ह्या नजरेवर जेवतात. नजरेला काय धाड भरलीय?"

"म्हणजे नाही?"

"नाही."

"बरं. रक्तातलं प्रमाण तपासायला बाहेर पाठवावं लागतं, ते यायला उद्याची दुपार होईल. काही त्रास असता तर मी थांबले असते. गोळी साठलेली असताना भूल दिली तर ठोके असे बिघडू शकतात, की मग आवरत नाहीत. तुम्ही नाही म्हणताय, तर सकाळी भेटू." त्या उठल्या. दाराशी वळून म्हणाल्या, "मी संध्याकाळपर्यंत ह्याच मजल्यावर आहे. काही आठवलं तर कळवा."

त्या गेल्यावर अण्णा पुन्हा पंख्यावर घसरले. थोरलीनं सासूबाईंना डोळ्यांनी बाहेर बोलावलं. सासूबाईंना तिनं असं बोलावण्याची ही पहिलीच वेळ असेल, म्हणून असेल कदाचित, त्या मुकाट्यानं उठल्या.

बाहेर लांबलचक व्हरांडा होता. एका टोकाला पाण्याचं मशीन आणि त्याच्याशेजारी बसायला बाक. मशीनमधून थेंब थेंब पाणी गळून खाली ठेवलेली बादली भरत आली होती.

"आई, ती पांढरी गोळी. ती मीही देते."

"म्हणजे?"

"अकरा वाजता. चहाबरोबर. अण्णा म्हणाले, डॉक्टरांनी दोन सांगितल्यात, एक घरी आणि एक कामावर. त्यांनीच आणून दिली होती बाटली, गल्ल्याच्या खणात असते."

सासूबाईंना ते कळायला वेळ लागला. मग त्यांनी हळूच बाकाचा हात धरला. "मला म्हणाले एकच. दुसरी घेतली तर डॉक्टर रागावतील, म्हणाले."

"शिडी चढताना दम लागायचा. गोळी घेतली की बरं वाटायचं त्यांना."

"मग मला विचारलं का नाहीस?"

थोरलीच्या तोंडावर आलं होतं, की तुम्ही तरी कधी विचारलंत, दिवसभर तिथे हा माणूस काय खातो-पितो म्हणून. पण सासूबाईंचा चेहरा बघून ते तिनं गिळलं. दोघी एकाच माणसाला एकच औषध दोनदा देत होत्या, आणि रोज रात्री एकाच टेबलाशी जेवत होत्या.

"आणि नजरही गेलीय त्यांची, आई. उन्हाळ्यापासून. मला वाटलं वयानं. ते खोटं बोलले आत्ता डॉक्टरांशी."

"माहीत आहे मला."

"काय?"

"बायको आहे मी त्यांची," सासूबाई म्हणाल्या. "मला विचारत होते, तुझे पांढरे केस पिवळे कसे झाले. मी म्हटलं, तेल बदललंय." त्या हसायला गेल्या आणि ते त्यांना जमलं नाही. "काय करणार होते मी? त्या माणसाकडे दुसरं आहे काय? ना कधी मित्र केले, ना कुठे फिरले. एक डोळा तेवढा कमावला."

"डॉक्टरांना सांगायला हवं. आत्ता."

"थांब." सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. "दोनदा तारीख टाळलीय त्यांनी. एकदा निळ्याची मोठी ऑर्डर आहे म्हणून, एकदा काहीच कारण न देता. ह्या वेळी कसेबसे आलेत. आज पुढे ढकललं तर उद्या ते टाकीवर उभे असतील आणि परवा आडवे होतील. नाही का? तूच सांग."

"आणि सकाळी भूल दिल्यावर काही झालं म्हणजे?"

सासूबाईंनी तिचं मनगट सोडलं. त्या थेंबांकडे बघत राहिल्या. नवऱ्याला काय मारेल, ऑपरेशन की ऑपरेशनची वाट, हे त्या तिथल्या तिथे तोलत होत्या, आणि थोरलीला त्यांची अतोनात दया आली. ह्या बाईबद्दल आपल्याला दया येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात जिना चढून काका आले आणि त्यांच्या मागे थोरलीचा नवरा. काका म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ; साठी गाठली तरी अण्णा त्यांना बाळ्याच म्हणत. गिऱ्हाईक सांभाळणं, माल पाठवणं, वसुली हे त्यांच्याकडे. रंगातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, आणि त्याचा त्यांना उभ्या जन्मात विषाद वाटला नव्हता, कारण दादा होता. त्यांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं होतं आणि चेहरा उतरलेला होता.

"दादा जागा आहे का?"

"काय झालं, काका?" थोरलीनं विचारलं.

"तुला ठाऊक असायला हवं काय झालं ते." काकांनी आवाज चढवला आणि मग हॉस्पिटल आठवून खाली आणला. "महिन्यापूर्वी करड्याचा एक लॉट परत आलाय. सगळाच्या सगळा. मी माझ्या गोदामात दडवून ठेवला, म्हटलं दादाच्या छातीचं आधी होऊ दे. आज गिरणीवाल्याचा फोन, की पुढचा माल दुसरीकडे टाकतोय. चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक!"

"त्यात हिचा काय संबंध?" नवरा पुटपुटला. हा माणूस भला होता. बाचाबाची सुरू झाली की गाडी पुसायला जाण्याची त्याला सवय होती, पण इथे गाडी तीन मजले खाली होती.

"हिचाच संबंध! टाकीशी अलीकडे कोण असतं? कामगार सांगतात ना, अण्णा चहाला गेले की वहिनी टाकीत हात घालतात. दादानं सोडा म्हटल्यावर हात घालतात! अगं, दादाच्या रंगात हात घालणारी तू कोण?" काकांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं. "मी दादाला सांगणार आहे, आत्ताच्या आत्ता. उद्या तो आत गेल्यावर टाकी कुणाच्या हातात राहणार, ते त्याच्याच तोंडून ठरू दे. हिच्या हातात नाही राहायची."

तो लॉट कुठला असणार हे थोरलीला क्षणात कळलं होतं. पोराला ताप होता म्हणून तो एक दिवस ती घरी राहिली होती. तो एकच लॉट अण्णांनी सोडा म्हटल्यावर खरोखर सोडला गेला होता. बोलली असती तर तिच्यावरचं बालंट तिथल्या तिथे उतरलं असतं. पण ते उतरून बसणार कुणाच्या डोक्यावर, हेही तिला दिसत होतं. म्हणून तिनं मूग गिळले, आणि सासूबाईंनी ते बघितलं.

"भाऊजी, आज नको," सासूबाई म्हणाल्या.

"वहिनी, आज नाही तर कधी?" आणि काका दार ढकलून आत गेले.

अण्णा उशीला टेकून बसले होते. भावाला बघून त्यांचा चेहरा खुलला. "ये बाळ्या. काय, रडायला आलास? अजून वेळ आहे, उद्या ये."

"दादा, तुझ्या सुनेचं काम बघ." काकांनी पुडकं सोडून लडी चादरीवर टाकली. "हा हिचा करडा. परत आलाय."

त्या शुभ्र चादरीवर ती लडी पडली आणि खोलीतल्या सगळ्यांना ती दिसली. करड्याचं नाव नव्हतं तिच्यात. निळी होती, आणि कडेला जांभळट मारत होती. रंगातलं न कळणाऱ्या काकांनासुद्धा त्याबद्दल शंका नव्हती.

अण्णांनी लडी उचलली. सवयीनं बोटांत पीळ दिला, सवयीनं खिडकीकडे धरली. बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "काय वाईट आहे यात?"

त्यांनी लडी उलटी करून पुन्हा उजेडात धरली.

"घरचा करडा आहे हा. असाच असतो. आपल्या बापानं लावला असता तर असाच लावला असता. गिरणीवाला आंधळा आहे का?"

काकांचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी लडीकडे बघितलं, दादाकडे बघितलं, पुन्हा लडीकडे. मग ते खाली बसले, तिथे खुर्ची आहे की नाही हेही न बघता. होती, म्हणून बरं. थोरलीचा नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

अण्णांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. नजर बिघडली होती, पण माणसं वाचायला ती अजून पुरत होती. त्यांचा हात सावकाश खाली आला.

"कसा आहे हा?" त्यांनी विचारलं. "बाळ्या?"

काकांनी मान खाली घातली.

"बाळ्या, कसा आहे विचारतोय मी."

"निळा आहे, दादा." काकांचा आवाज फुटला. "चक्क निळा."

"कुठल्या दिवशीचा लॉट?"

काकांनी सांगितलं. अण्णा आठवत राहिले. "त्या दिवशी ही नव्हतीच कामावर," ते म्हणाले. "पोराला ताप होता. मीच सोडा म्हटलं आणि मीच उभा राहून सोडून घेतला." मग ते थोरलीकडे वळले. "आणि बाकीचे? बाकीचे का नाही परत आले?"

थोरलीला वाटलं, इथून पळून जावं. "तुम्ही चहाला गेलात की मी परत जमवायची," ती म्हणाली.

"रोज?"

"रोज, अण्णा."

"म्हणजे मी सोडा म्हणत होतो आणि तुम्ही सगळे..." त्यांना पुढे बोलता येईना. दम लागला होता. सासूबाई पाणी घेऊन पुढे झाल्या, त्यांनी ते हातानं दूर केलं. "सगळ्या रंगखान्याला ठाऊक होतं? कामगारांना? मी खिडकीत लडी धरून उभा राहायचो, आणि पाठीमागे सगळे जण वाट बघायचे, म्हातारा कधी एकदाचा चहाला जातोय?"

"तसं नाही, अण्णा."

"मग कसं? तूच सांग कसं ते."

सासूबाई मध्ये पडल्या, आणि त्यांनी अपेक्षेपेक्षा निराळीच बाजू घेतली. "तिला काय झापताय? एकच गोळी म्हणून मला सांगितलंत आणि तिला सांगितलंत दोन. त्या गोळीनं गेलाय तुमचा डोळा. डॉक्टरीण बाई तोंडावर विचारत होती आणि तुम्ही नाही म्हणालात. सकाळी त्या टेबलावर काही झालं तर आम्ही कुणाचं नाव घेऊन रडायचं? थोरले, जा, बोलाव बाईंना."

"कुणी जायचं नाही," अण्णा म्हणाले.

"अहो..."

"कुणी जायचं नाही म्हटलं ना!" ते उठून बसले होते. मानेची शीर टरारून वर आली होती. "उद्या ठरलंय ते उद्याच होणार. मला पुन्हा घरी जाऊन वाट बघायची नाही. रोज रात्री कुशीवर वळताना मोजायचं, आज आहे की नाही, आज आहे की नाही. तुम्हाला काय ठाऊक? उठलो तर उठलो. नाही उठलो तर..." त्यांनी ती लडी चादरीवरून ढकलून दिली. "आता तसाही उठून करायचंय काय मला?"

हे ते पहिल्यांदाच बोलले होते. काका हुंदका देऊन रडू लागले, मोठा माणूस रडतो तसे, बेढब. थोरलीच्या नवऱ्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो स्वतःच डोळे पुसायला लागला. सासूबाई पलंगाच्या दांड्याला धरून उभ्या होत्या. त्या थोरलीकडे बघत होत्या, पण जा म्हणत नव्हत्या. नवऱ्यानं नको म्हटल्यावर दुसऱ्यांदा जा म्हणायचं त्यांच्या आयुष्यात बसलं नव्हतं.

आजवर थोरलीनं अण्णांचा शब्द शेकडो वेळा फिरवला होता, पण त्यांच्या पाठीमागे. तोंडावर कधीच नाही. आत्ता बाहेर गेलो तर हा माणूस आपल्याशी जन्मात बोलणार नाही, हे तिला कळत होतं. आणि नाही गेलो तर तो जन्म उद्या सकाळपर्यंतचाच असेल, हेही.

"मी जाते आहे, अण्णा," ती म्हणाली.

"थोरले!"

ती गेली.

डॉक्टर व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत होत्या. थोरलीनं सांगायला सुरुवात केली आणि पहिल्या दोन वाक्यांतच त्या उठून चालू लागल्या. खोलीत आल्यावर त्यांनी कुणाला बाहेर काढलं नाही, कुणाला बोलही लावला नाही. अण्णांच्या मनगटावर बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. नर्सला हाक मारून उद्याचं ऑपरेशन रद्द करायला सांगितलं, रक्त घ्यायला सांगितलं, आणि खालच्या मजल्यावर, जिथे रात्रभर हृदयावर लक्ष ठेवतात तिथे, एक पलंग तयार करायला सांगितला.

"किती दिवस दिसतंय पिवळं?" त्यांनी विचारलं.

अण्णा छताकडे बघत होते.

"माझ्या नजरेचं मला विचारू नका, डॉक्टर," ते शेवटी म्हणाले. "हिला विचारा. बघायचं काम आता हीच करते."

थोरलीनं सांगितलं. पहिल्या करड्यापासून सगळं सांगितलं, आणि सांगताना तिला त्यांच्याकडे बघवलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, गोळी उतरल्यावर नजर बहुतेक परत येईल. बहुतेक. हृदयाचं मात्र आज काही सांगता येत नाही. पुढचे दोन-तीन दिवस नाजूक आहेत. ठोके आत्ताच चुकताहेत. त्यातून बाहेर आले तर मग ऑपरेशनचं बघू.

"वाचतील ना?" काकांनी विचारलं.

"प्रयत्न चालू आहे," डॉक्टर म्हणाल्या, आणि ह्या उत्तराचा अर्थ काकांनासुद्धा कळला.

चाकांचा पलंग आला. अण्णांना उचलून त्याच्यावर घेतलं तेव्हा ते इतके हलके निघाले, की उचलणाऱ्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सासूबाई एका बाजूनं दांडा धरून चालू लागल्या. काका आणि थोरलीचा नवरा मागून. लिफ्ट यायला उशीर होता. तिथे ट्यूबलाइटखाली सगळे थांबले.

अण्णांनी हात उचलला आणि बोटानं थोरलीला जवळ बोलावलं. ती वाकली.

"माझा रंग कसा दिसतोय?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी हळू होता. "मला माझे हात पिवळेच दिसतात. तू सांग. नीट बघून सांग."

"चांगला दिसतोस, दादा," काका मागून घाईनं म्हणाले.

"तुला नाही विचारलं, बाळ्या."

थोरलीनं बघितलं. उत्तरेच्या खिडकीत लडी बघायची तसंच बघितलं. कपाळ, गाल, मग ओठ, मग नखं. डोळ्यांत पाणी येत होतं ते पुसून पुन्हा बघितलं. हो ना, चांगले दिसता, हे शब्द जिभेवर तयार होते. उन्हाळ्यापासूनची सवय होती.

"चेहरा राखेसारखा पडलाय, अण्णा," ती म्हणाली. "ओठ निळे आहेत. नखंही निळी आहेत. पिवळं कुठेच नाही."

सासूबाईंच्या तोंडून बारीक आवाज निघाला. अण्णांनी मात्र मान हलवली, एकदाच, टाकीशी उभं राहून एखादा रंग पटल्यावर हलवत तशी. लिफ्टचं दार उघडलं. पलंग आत ढकलता ढकलता त्यांनी तिच्या हाताचं बोट धरलं.

"असंच सांगायचं होतंस," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी."